विज्ञानकथेत मेलेल्या माणसाला परत आणायचंय? मग आधी हे ठरवून घ्या

विज्ञानकथा लिहायला बसलं की कधी ना कधी हा मोह होतोच. आवडतं पात्र मागच्या भागात मारलेलं असतं, आता ते परत हवं असतं, जग आपलंच, तंत्रज्ञान आपलंच, मग एक चेंबर उघडतं, आतून वाफ येते आणि पात्र डोळे उघडतं. वाचक पुढे वाचत राहतो, पण त्या पानापासून त्याला कुणाच्याच मरणाचं काही वाटेनासं होतं, कारण त्याला समजलेलं असतं की या जगात मेलेलं माणूस लेखकाला हवं तेव्हा परत येतं. पुनरुज्जीवन हा माझा फार जिव्हाळ्याचा विषय आहे आणि तो असा वाया गेला की खरंच वाईट वाटतं, म्हणून जे कुणी अशी कथा किंवा अख्खं विश्वच रचायला घेतायत त्यांच्यासाठी हे सगळं एका जागी लिहून ठेवतेय.

आधी आपल्या घरातलंच उदाहरण घ्या, कच-देवयानीची गोष्ट, कारण नियमांच्या बाबतीत त्याच्या तोडीचं दुसरं मला सुचत नाही. संजीवनी विद्या फक्त शुक्राचार्यांकडे आहे, त्यामुळे युद्धात असुर मेले तरी उठतात आणि देव मेले की मेले. म्हणजे तंत्रज्ञान एकाच बाजूकडे आहे, आणि गोष्ट तिथूनच सुरू होते. देव कचाला विद्या शिकायला पाठवतात. असुरांना ते कळतं, ते त्याला मारून तुकडे लांडग्यांना घालतात, शुक्राचार्य हाक मारतात, कच परत येतो. दुसऱ्यांदा त्याला वाटून समुद्रात मिसळतात, तरी येतो. इथे बघा, शरीराचं काय झालंय याने फरक पडत नाही हा नियम दोनदा दाखवून झाला, वाचकाची खात्री पटली. आणि मग तिसऱ्यांदा असुर त्याच नियमातली फट शोधतात, कचाला जाळून राख मद्यात कालवून खुद्द गुरूलाच पाजतात. आता कच आला तर गुरूचं पोट फाडून येणार, गुरू मरणार, आणि विद्या दुसऱ्या कुणाला येत नाही. मग मार्ग एकच उरतो, पोटातल्या कचाला विद्या शिकवायची, त्याने बाहेर यायचं आणि गुरूला उठवायचं. मक्तेदारी मोडली ती अशी. आणि एवढ्यावर थांबत नाही, देवयानी लग्नाचं विचारते तर कच म्हणतो मी आता तुझ्या वडिलांच्या पोटातून आलोय, तू माझी बहीण लागतेस. परत येण्याने माणसाचं नातंच बदललं! तुमच्या जगातल्या पुनरुज्जीवनाला एवढं जरी जमलं, म्हणजे नियम, त्यातली फट, कुणीतरी मोजलेली किंमत आणि नंतर कायमचं बदललेलं काहीतरी, तर अर्धं काम झालं.

आता कामाला लागू. चेंबर कसं दिसतं, प्रकाश निळा की हिरवा, हे सगळं नंतर. आधी तुमच्या विश्वात माणूस नेमका कधी मेला असं धरायचं ते ठरवा, बाकी सगळं त्यातून निघतं.

पूर्वी हृदय थांबलं म्हणजे संपलं. आज सीपीआर आहे, शॉक आहे, हार्ट-लंग मशीन आहे. मेंदूला ऑक्सिजन मिळाला नाही की चार ते सहा मिनिटांत नुकसान सुरू होतं हे आपण ऐकलेलं असतं, पण ते नेहमीच्या तापमानाला. १९९९ च्या मे महिन्यात नॉर्वेमध्ये स्कीइंग करताना एक तरुण स्वीडिश डॉक्टर गोठलेल्या ओढ्यात बर्फाखाली अडकली. ८० मिनिटं पाण्यात होती, त्यातली साधारण पहिली ४० मिनिटं बर्फाखालच्या हवेच्या पोकळीमुळे शुद्धीत होती, मग हृदय थांबलं. हॉस्पिटलात आणली तेव्हा शरीराचं तापमान १३.७ अंश. ट्रॉम्सोच्या डॉक्टरांनी तिचं रक्त मशीनमधून फिरवून हळूहळू गरम केलं आणि ती जगली, नुसती जगली नाही तर पुढे त्याच हॉस्पिटलात काम करू लागली. शरीर गार होता होता मेंदूची ऑक्सिजनची भूकच कमी होत गेली म्हणून हे जमलं. हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीची काही ऑपरेशनं करताना सर्जन मुद्दाम हेच करतात, पेशंटला १८-२० अंशांवर आणून रक्ताभिसरण काही वेळ पूर्ण बंद ठेवतात. आपल्या देशात १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याने मेंदूचा खोड म्हणजे ब्रेनस्टेम कायमचा बंद पडणं हेही मरण धरलं, आणि त्यासाठीच्या तपासण्या किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा करायच्या असतात. म्हणजे मरणाची रेघ तंत्रज्ञान पुढे गेलं तशी सरकत आलीय, मग तुमच्या २४व्या शतकात ती कुठे असेल?

मी स्वतः तीन पातळ्या धरते. एक, शरीर थांबलंय पण जागच्या जागी शाबूत आहे. दोन, तुटलंय, पेशी फुटल्यायत, पण काय कुठे होतं ते अजून वाचता येतंय. तीन, पुसलं गेलंय, म्हणजे मेंदूतल्या ज्या जोडण्यांमध्ये आठवणी आणि स्वभाव होता त्या जोडण्याच राहिल्या नाहीत, आणि कितीही प्रगत यंत्र आणलं तरी वाचायला काही शिल्लक नाही. तुमचं विश्व पहिल्या पातळीपर्यंत जातं की दुसऱ्या, हे एका वाक्यात लिहून भिंतीला चिकटवा. तिसरीपर्यंत जाऊ नका. तिसरीतून माणूस परत आणायचा तर त्याला जादूच लागते, आणि जादूची कथा लिहायची असेल तर खुशाल लिहा, पण मग वाचकाला तसं आधी सांगा.

उदाहरणासाठी एक विश्व धरू म्हणजे बोलणं सोपं जाईल. शनीच्या टायटन चंद्रावर वस्ती आहे, तिथली इंजिनिअर मंदाकिनी बाहेर पाइपलाइन दुरुस्त करायला जाते, सूट फाटतो. टायटन निवडला त्याला कारण आहे. तिथलं तापमान सुमारे उणे १७९ अंश, हवा मुख्यतः नायट्रोजनची आणि दाब पृथ्वीच्या दीडपट, त्यामुळे सूट फाटल्यावर शरीर फुगणं वगैरे प्रकार नाही, पण श्वासात ऑक्सिजन नाही आणि थंडी भयानक. आता पटकन वाटतं की वा, लगेच गोठली म्हणजे जपली गेली. तसं नाही होत. ऑक्सिजन संपायला मिनिटं लागतात आणि कवटीच्या आतपर्यंत थंडी पोचायला त्याहून कितीतरी जास्त वेळ, म्हणजे बिचारीचा मेंदू गरम असतानाच उपाशी राहिला. त्यात वरून गोठताना बर्फाचे स्फटिक झाले. म्हणजे मंदाकिनी थेट दुसऱ्या पातळीवर. हा हिशोब तुम्ही केलात की कथेत आपोआप ताण येतो, कारण तिला शोधायला निघालेल्या लोकांसाठी प्रत्येक मिनिटाला अर्थ येतो, आणि तिनेच मरता मरता हेल्मेटचं हीटिंग बंद केलं असं लिहिलंत तर वाचकाला कळेल की तिने काय केलं आणि का.

थंडीचा रस्ता आपण सगळ्यात जास्त वापरतो, त्यामुळे तो नीट समजून घ्या. निसर्गात हे होतं. उत्तर अमेरिकेतला वूड फ्रॉग नावाचा बेडूक हिवाळ्यात खरोखर गोठतो, शरीरातल्या पाण्याचा ६५ टक्क्यांच्या आसपास बर्फ होतो, हृदय थांबतं, आणि वसंतात वितळून तो उड्या मारत निघून जातो. गोठायला लागताच त्याचं लिव्हर रक्तात भरमसाट ग्लुकोज सोडतं आणि त्यामुळे पेशींच्या आत बर्फ होत नाही, बर्फ राहतो तो पेशींच्या बाहेर. अंटार्क्टिकावरून १९८३ मध्ये आणलेल्या गोठलेल्या शेवाळातले टार्डिग्रेड नावाचे अगदी बारीक जीव ३० वर्षांनी जपानी शास्त्रज्ञांनी जागे केले. सायबेरियाच्या कायमच्या गोठलेल्या जमिनीतून २४,००० वर्षांपूर्वीचे रोटिफर, म्हणजे पाण्यातले सूक्ष्म जीव, परत हालचाल करू लागले, हे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं, आणि २०२३ मध्ये ४६,००० वर्षांपूर्वीच्या सूत्रकृमींचं. आणि माणूस? माणूससुद्धा परत येतो, फक्त अगदी काही पेशींचा असताना. आयव्हीएफ सेंटरमध्ये उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवलेल्या गर्भातून बाळं जन्मतात हे आता रोजचं झालंय, जवळपास ३० वर्षं गोठवून ठेवलेल्या गर्भातून जन्मलेली मुलंही आहेत.

मग मोठ्या माणसाला काय अडतं? आकार. बर्फ होऊ नये म्हणून पेशींमध्ये विशिष्ट रसायनं भरून द्रव असा गार करतात की स्फटिक न होता त्याची काच होते, याला व्हिट्रिफिकेशन म्हणतात. ती रसायनं स्वतःच विषारी असतात, मोठ्या अवयवात सगळीकडे सारखी पोचत नाहीत, आणि फार खाली गेलं की त्या काचेला तडे जातात. त्याहून मोठी अडचण गरम करताना येते. बाहेरून ऊब दिली तर बाहेरचा भाग आधी वितळतो, आतला मागे राहतो आणि त्या मधल्या वेळात बर्फ पुन्हा तयार होतो. २०२३ मध्ये मिनेसोटा विद्यापीठातल्या टीमने उंदराची किडनी १०० दिवसांपर्यंत अशी ठेवून, तिच्या रक्तवाहिन्यांत भरलेल्या लोहाच्या अतिसूक्ष्म कणांना चुंबकीय क्षेत्राने तापवून ती आतून एकसारखी गरम केली आणि दुसऱ्या उंदरात बसवली, आणि ती चालली. उंदराची किडनी केवढी आणि माणूस केवढा, हे अंतर म्हणजे तुमच्या कथेतली पुढची काही शतकं. म्हणून चेंबर लिहायचंच असेल तर गोठवण्यापेक्षा उठवण्याचा भाग लिहा, खरी भीती तिथे आहे, आणि बहुतेक कथा तो भाग एका ओळीत उरकतात याचं मला फार आश्चर्य वाटतं.

अजून एक गोष्ट जी जवळजवळ सगळे विसरतात, रेडिएशन. गोठलेलं शरीर स्वतःची दुरुस्ती करत नाही. आपल्याच शरीरातल्या किरणोत्सारी पोटॅशियम-४० मुळे आपल्याला वर्षाला साधारण ०.१७ मिलिसिव्हर्ट डोस मिळतो (सिव्हर्ट हे रेडिएशनचा डोस मोजायचं एकक, मिलिसिव्हर्ट त्याचा हजारावा भाग), जिवंतपणी पेशी त्यातलं नुकसान भरत राहतात, गोठलेल्या देहात ते नुसतं साठत जातं. २४,००० वर्षांत ते ४ सिव्हर्टच्या घरात पोचतं, आणि एकदम मिळाला तर एवढ्या डोसने उपचारांशिवाय निम्मी माणसं दगावू शकतात. आणि हे बाहेरचं काही न धरता. अंतराळात तर फार वाईट, क्युरिऑसिटी यान मंगळाकडे जाताना त्यातल्या उपकरणाने दिवसाला १.८ मिलिसिव्हर्टच्या आसपास मोजलं होतं, त्या दराने ४ सिव्हर्ट साधारण सहा वर्षांतच भरतात. म्हणजे शंभर वर्षं जहाजात झोपून जाणाऱ्या लोकांभोवती जाड कवच हवं, पाण्याचं म्हणा, बर्फाचं म्हणा, नाहीतर उठवल्या उठवल्या ते आजारी पडतील. (हाच आजार कथेचा विषय होऊ शकतो, कुणीतरी लिहा प्लीज.) टायटनवर मात्र वरची हवा इतकी दाट आणि उंच आहे की प्रत्येक चौरस मीटरवर पृथ्वीच्या साधारण दहापट वस्तुमानाची हवा असते, बाहेरचं रेडिएशन खालपर्यंत फारसं पोचतच नाही, आणि थंडी फुकट. माझ्या डोक्यात तर कधीपासून आहे की भविष्यातली माणसं आपले गोठवलेले लोक ठेवायला टायटनवरच जागा घेतील.

जागा घेतील म्हटलं की पैसा आला, आणि इथे खरी घडलेली गोष्ट कथेपेक्षा जास्त शिकवते. जेम्स बेडफर्ड नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाचा देह १२ जानेवारी १९६७ ला गोठवला, तो आजही अ‍ॅरिझोनात ठेवलेला आहे. पण त्याच काळात कॅलिफोर्नियातल्या चॅट्सवर्थच्या एका दफनभूमीत तळघरात ठेवलेले अनेक देह नंतर वितळून गेले, कारण नातेवाइकांकडून पैसे येणं थांबलं आणि ज्याच्याकडे ते काम होतं त्याला नायट्रोजनचा खर्च झेपेना. १९७९ मध्ये ते उघडकीला आलं. त्या टाक्यांना वीज लागत नाही, थर्मासच असतो तो मोठा, पण नायट्रोजन हळूहळू उडत राहतो आणि कुणीतरी नियमित भरत राहावं लागतं. म्हणजे शंभर वर्षं तुमच्यासाठी कुणीतरी रोज कामावर येतंय. तुमच्या विश्वात ते कोण आहे? त्याचा पगार कोण देतं? तो संपावर गेला तर? मला विचाराल तर चेंबरमध्ये झोपलेल्या अब्जाधीशापेक्षा त्या टाक्या भरणाऱ्या माणसाच्या तिसऱ्या पिढीवर कथा लिहावी, ज्याने त्या लोकांना कधी जिवंत बघितलेलं नाही आणि तरी तो रात्री उठून गेज बघून येतो.

दुसरा रस्ता दुरुस्तीचा. २०१९ मध्ये येल विद्यापीठात कत्तलखान्यातून आणलेल्या डुकरांच्या मेंदूंमध्ये, मरून चार तास झाल्यावर, खास द्रव फिरवून सहा तास पेशींचं काही काम परत चालू करून दाखवलं. जाणीव असल्याची कोणतीही विद्युत खूण दिसली नाही, आणि ती दिसलीच तर लगेच थांबवता यावं म्हणून भुलीचं औषध तयार ठेवलं होतं. हा तपशील मला झोपू देत नाही. आपण ज्याला उठवतोय तो अर्धवट उठला तर, हा प्रश्न त्या संशोधकांनी प्रयोगाआधी विचारला होता, तुमच्या कथेतल्या डॉक्टरनेही विचारायला हवा. आणि हेही लक्षात ठेवा की उपाशी पेशींना एकदम ऑक्सिजन दिला की तो ऑक्सिजनच नवीन नुकसान करतो, खऱ्या आयसीयूमध्ये डॉक्टरांना याच्याशी झगडावं लागतं. त्यामुळे मंदाकिनीला आत आणून घाईघाईने ऑक्सिजन लावणारा मित्रच तिचं जास्त वाटोळं करू शकतो, प्रेमापोटी.

क्लोनचा रस्ता मी लवकर संपवते. स्पेनमधली बुकार्डो नावाची रानबकरी २००० साली नामशेष झाली, जपलेल्या पेशींवरून २००३ मध्ये तिचं क्लोन पिल्लू जन्माला घातलं, फुप्फुसातल्या दोषामुळे ते काही मिनिटांतच गेलं. पण समजा क्लोन जगला, तरी तो जुळा भाऊ झाला, तोच माणूस नाही, आठवणी डीएनएमध्ये नसतात. क्लोनला मूळ माणसाचं सगळं आठवतं असं लिहू नका, निदान आठवणी कुठून भरल्या ते सांगा.

आणि आठवणी भरायच्या म्हटलं की चौथा रस्ता, कॉपीचा. इथे आकडे माहीत असू द्या म्हणजे सहज एक पेन ड्राइव्ह खिशात घालून माणूस नेता येणार नाही. २०२४ मध्ये माणसाच्या मेंदूच्या एक घन मिलिमीटर तुकड्याचा नकाशा प्रसिद्ध झाला, मोहरीच्या दाण्याहून लहान, त्यात सुमारे ५७,००० पेशी आणि १५ कोटी जोडण्या निघाल्या आणि डेटा झाला १.४ पेटाबाइट, एक पेटाबाइट म्हणजे दहा लाख जीबी. अख्खा मेंदू त्याच्या १२-१३ लाख पट. म्हणजे सतरा-अठरा लाख पेटाबाइट फक्त एका माणसाचे, आणि तेही एका क्षणाचं चित्र. जेमतेम ३०२ न्यूरॉन असलेल्या एका सूत्रकृमीचा नकाशा १९८६ पासून आपल्याकडे आहे, तरी तो कॉम्प्युटरवर पूर्णपणे जिवंत करणं अजून जमलेलं नाही, कारण कोण कुणाला जोडलंय एवढं पुरत नाही, ती जोडणी किती घट्ट आहे, त्या वेळी कोणती रसायनं फिरतायत, हेही लागतं.

तुमच्या भविष्यात हे सगळं जमलंय असं धरा, काही हरकत नाही, पण मग बॅकअप कधीचा हा प्रश्न कथेच्या मध्यभागी ठेवा. मंदाकिनीचा शेवटचा बॅकअप मेच्या आधी घेतलाय, जूनमध्ये तिचं आणि आईचं मोठं भांडण झालं आणि ऑगस्टमध्ये समेट झाला, सप्टेंबरमध्ये ती गेली. आता जी उठलीय तिला ना भांडण माहीत ना समेट. आई तिच्यासमोर बसून रडतेय आणि हिला कळत नाहीये का. तो समेट आता एकट्या आईचा राहिला. अशा एका प्रसंगात जे मिळतं ते दहा पानं तत्त्वज्ञान लिहून मिळत नाही. आणि बॅकअप नसला, शरीरच दुरुस्त केलं, तरी शेवटची काही मिनिटं कदाचित तास परत येणार नाहीत असा नियम ठेवा, तो खऱ्या वैद्यकाला धरून आहे, डोक्याला जोरात मार लागला की आधीचा थोडा काळ पुसला जातो कारण त्या आठवणी अजून पक्क्या बसलेल्याच नसतात. म्हणजे खून झालेला माणूस उठून खुन्याचं नाव सांगू शकत नाही. रहस्यकथा लिहिणाऱ्यांना हा एक नियम फार कामाला येईल.

मूळ माणूस जिवंत असताना कॉपी चालू झाली तर काय, हा प्रश्न येणारच. त्याचं उत्तर तुम्ही द्यायलाच पाहिजे असं नाही, पण तुमच्या विश्वातल्या कायद्याने ते दिलेलं असायला पाहिजे, कारण घर कुणाचं आणि मुलांची शाळेची फी कोण भरणार हे दुसऱ्या दिवशीच विचारलं जाणार.

कायद्यावरून सांगते, परत आलेल्या माणसाचं कागदावरचं मरण हा भाग लोक एका वाक्यातही घेत नाहीत आणि मला तर तो सगळ्यात श्रीमंत वाटतो. आपल्याकडे सात वर्षं ज्याची काही खबर नाही त्याला मेलेला धरता येतं. मग वारसनोंद होते, सातबाऱ्यावर नावं बदलतात, विम्याचे पैसे वाटले जातात, बायकोचं किंवा नवऱ्याचं दुसरं लग्न होतं. आणि आता हा चेंबरमधून उठून दारात उभा. उत्तर प्रदेशात आझमगडचे लाल बिहारी जिवंत असूनच सरकारी कागदावर मेलेले होते, जमिनीसाठी नातेवाइकांनी तसं करवून घेतलं होतं, १९७५ मध्ये त्यांना ते कळलं आणि कागदावर पुन्हा जिवंत व्हायला १९९४ उजाडलं. एका जिवंत माणसाला एवढं लागलं तर खरोखर मेलेल्याला किती लागेल, विचार करा आणि तो ऑफिसातला प्रसंग लिहाच.

आपल्या जुन्या धर्मशास्त्राने सुद्धा याची सोय केलेली आहे हे वाचलं तेव्हा मी थक्क झाले होते. परागंदा माणूस मेला समजून त्याचे अंत्यसंस्कार उरकले आणि तो परत आला, तर त्याला तुपाच्या हंड्यात बुडवून बाहेर काढायचं, न्हाऊ घालायचं, जातकर्मापासून सगळे संस्कार पुन्हा करायचे आणि त्याने आपल्याच बायकोशी पुन्हा लग्न लावायचं. म्हणजे नुसतं घरात घेत नाहीत, त्याला परत जन्माला घालतात. तुमच्या टायटनवरच्या वस्तीलाही असा काहीतरी विधी द्या. लोक विधीशिवाय परत आलेल्याला जवळ घेणार नाहीत, बिचकतील, त्याच्या ताटाला ताट लावायला कचरतील, आणि तो विधी काय आहे त्यावरून तुमचा समाज कसा आहे ते वाचकाला कळेल.

खूप काळाने उठणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. पैसा, म्हणजे बँकेत ठेवून झोपलो आणि श्रीमंत होऊन उठलो हे इतकं सोपं नाही, एक लाख रुपये सात टक्क्यांनी ३०० वर्षांत ६५ लाख कोटी होतात खरे, पण महागाई सहा टक्के धरली तर ते आजचे साधारण १७ लाखच. आणि भाषा. ज्ञानेश्वरी १२९० ची, सव्वासातशे वर्षं झाली, आपण तिच्यावर जीव टाकतो आणि तरी अर्थ खाली दिलेला असल्याशिवाय बहुतेकांना ओवी पूर्ण उलगडत नाही. मग सातशे वर्षांनी उठलेला तुमचा नायक नर्सशी पहिल्याच मिनिटाला गप्पा कशा मारतो? त्याला दुभाषा लागेल, किंवा त्याची भाषा जपलेला कुणीतरी म्हातारा अभ्यासक, आणि त्या दोघांची गाठ म्हणजे एक अख्खं प्रकरण.

प्रत्यक्ष उठण्याचा प्रसंग लिहिताना घाई करू नका. ती नॉर्वेतली डॉक्टर जवळजवळ दहा दिवसांनी शुद्धीवर आली तेव्हा मानेखाली हलू शकत नव्हती, सावरायला कित्येक महिने गेले, हातांच्या नसांचा त्रास पुढेही राहिला. आयसीयूतून आलेल्या कुणाला जवळून बघितलं असेल तर माहीत असेल, घशात नळी असते म्हणून बोलता येत नाही, दिवस-रात्र कळत नाही, भास होतात, स्वतःचा हात उचलत नाही, आणि माणूस आपल्याच माणसांवर संशय घेतो. गरम होताना हृदय कधीही वेडंवाकडं धडधडून बंद पडू शकतं. त्यामुळे उठल्यावर पाच मिनिटांत बंदूक घेऊन धावणारा नायक नको. त्याला पहिल्यांदा पाणी गिळू द्या, तो ठसकू द्या, कुणाला तरी त्याची बोटं एकेक करून सरळ करू द्या.

आता रचनेचं थोडं. पुनरुज्जीवन होतं हे वाचकाला लवकर दाखवा, आणि नायकावर नाही, एखाद्या साध्या पात्रावर, जिथे काही पणाला लागलेलं नाही. यशाचा दर ठरवा, समजा दहातले सहा उठतात, त्यातले दोन पूर्वीसारखे, आणि मग आपल्याच आकड्याशी प्रामाणिक राहा, म्हणजे तुमच्या कथेत चार जण उठणार नाहीत ते खरंच उठू नयेत. वेळेची मर्यादा ठेवा, ती तासात असली तर धावपळीची कथा होते, वर्षांत असली तर घराण्याची. आणि जो कुणी नाही म्हणून गेलाय त्याचा विचार करा, असं तंत्रज्ञान असलेल्या जगात काही लोक आधीच लिहून ठेवतील की मला उठवू नका, आणि त्यांच्या मुलांना ते मानवणार नाही. मंदाकिनीने तसं लिहून ठेवलं असेल तर? कागद आईला सापडलाय आणि टीम अजून वाटेत आहे. मी तर कथा इथूनच सुरू करेन.

शेवटचं काम ड्राफ्ट सुरू करण्याआधी. एका पानावर लिहा, तुमच्या विश्वात कुणाला उठवता येत नाही. कुठल्या मरणातून, किती वेळानंतर, कुठल्या वर्गाला, कुठल्या वयात. मग तुमच्या पात्रांपैकी एक असं निवडा की ज्याच्यावर तुमचा सगळ्यात जास्त जीव आहे, त्याचं नाव त्या यादीत घाला, आणि लिहिता लिहिता कितीही वाटलं तरी ते खोडू नका.